उसाच्या हंगामात सुटणारं वाचन: एका शैक्षणिक न्यासाच्या कामाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातला, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातला एक तालुका. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. घरटी दोन-तीन एकर असले तरी त्यावर वर्ष निघत नाही. म्हणून पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली जाते आणि दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सातारा-सांगलीकडे, कुणी कोल्हापूर, अहिल्यानगर, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यावर मिळते, त्यामुळे बाईला मागे राहता येत नाही. आई निघाली की लहान मुलंही निघतात. परतायला मार्च उजाडतो, कधी एप्रिलही.

शाळेचं वर्ष मात्र जूनच्या मध्यावर सुरू होऊन एप्रिलअखेर संपतं. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला जून ते दसरा एवढीच शाळा येते, त्यातूनही पोळा, गणपती वगैरे सुट्ट्या वजा करायच्या. पहिलीपासून असंच चाललं तर पाचवीत बसलेल्या मुलाची प्रत्यक्षातली शाळा जेमतेम दोन वर्षांची झालेली असते. पुस्तक मात्र पाचवीचं हातात पडतं.

या भागात पुण्यातला एक छोटा कौटुंबिक न्यास बरीच वर्षं मदत करत होता. दरवर्षी जूनमध्ये वह्या, दप्तरं, कंपासपेट्या आणि काही शाळांना सतरंज्या. मी या न्यासाच्या बैठकांना आणि शाळाभेटींना सल्लागार म्हणून हजर असे. इथे मांडलेला घटनाक्रम कोविडनंतर शाळा पूर्ण वेळ उघडल्या तेव्हापासूनचा आहे. गावांची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न कसा समोर आला

वह्यावाटपाच्या एका कार्यक्रमात न्यासाच्या एका विश्वस्त बाईंनी पाचवीतल्या एका मुलीची वही चाळली. अक्षर वळणदार, ओळीवर बसलेलं, समास आखलेला, प्रत्येक धड्याखाली प्रश्नोत्तरं पूर्ण. बाईंनी कौतुकाने तिला त्यातलंच एक उत्तर वाचून दाखवायला सांगितलं. मुलगी गप्प राहिली. मग तिने बोट ठेवून दोन अक्षरं ओळखली, तिसऱ्याला थांबली. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवण्यात ती वर्गात सर्वांत पुढे होती, पण स्वतः लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाडीत याच एका गोष्टीवर बोलणं झालं. आपण इतकी वर्षं वह्या दिल्या, त्या भरल्याही गेल्या. मग मुलांना येतं काय, हे आपण कधी पाहिलं का?

न्यासावर एक निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या एका गटावर देखरेख करणारे अधिकारी, होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी पुढच्या महिन्यात पाच शाळांतल्या तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाची एकेकट्याने चाचणी घेतली. चाचणी त्यांनी नव्याने बनवली नाही. २००५ पासून देशभर ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होणाऱ्या 'असर' पाहणीत जी पद्धत असते तीच वापरली: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात एक अंकी आणि दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. एका मुलाला पाच-दहा मिनिटं लागतात. महत्त्वाचं म्हणजे मूल एकटं वाचतं. वर्गात धडा सामुदायिक म्हटला जातो तेव्हा कोण वाचतंय आणि कोण नुसतं सूर धरतंय ते कळत नाही.

निकाल न्यासाला धक्का देणारा होता, शिक्षकांना नाही. गोष्ट सलग वाचणारी मुलं थोडीच निघाली. मोठा गट शब्दांवर अडकलेला, आणि पाचवीतही अक्षरं चुकणारी मुलं होती. देशाच्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर हे काही जगावेगळं नव्हतं. 'असर'नुसार ग्रामीण भारतात दुसरीची गोष्ट वाचू शकणारी पाचवीतली मुलं २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, २०२२ मध्ये ती ४२.८ टक्क्यांवर आली. इथे त्यात स्थलांतराची भर पडलेली.

कारणांची चर्चा मी थोडी विस्ताराने मांडतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे राहिले. पहिलं कारण गैरहजेरी, हे उघड आहे. दुसरं तितकं उघड नाही. मूल परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि सुटलेलं भरून काढायची जागा वेळापत्रकात कुठेच नसते. जोडाक्षरं दुसरीत शिकवून झाली ती झाली. चौथीच्या शिक्षकाने जोडाक्षरं पुन्हा शिकवावीत असं त्याच्याकडून कुणी मागत नाही, त्याच्याकडून मागतात ते पाठ संपवल्याचं. शाळा दोन शिक्षकी, म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, त्यावर माहिती भरण्याची कामं. तिसरं कारण तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीतल्या, मुलांचं. त्यांच्या घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात. पहिलीत त्यांच्यासमोर नवी लिपी आणि नवी भाषा एकदमच येते, आणि दसऱ्याला दोन्ही सुटतात.

विचारात घेतलेले पर्याय

न्यासाचं वार्षिक बजेट मोठं नव्हतं. सगळं थोडं थोडं करायचं की एकच नीट करायचं यावर पहिल्याच बैठकीत एकमत झालं: एकच. कोणतं, यावर मात्र बराच खल झाला.

सर्वांत तयार पर्याय होता टॅबचा. एक देणगीदार प्रत्येक शाळेला टॅब आणि मोठा स्क्रीन द्यायला उत्सुक होते. पैसे त्यांचे, बसवून देण्याची व्यवस्थाही त्यांची. गुरुजींनी विरोध केला तो यंत्राला नव्हे. त्यांचं म्हणणं असं की त्यातला आशय इयत्तेप्रमाणे येतो, पाचवीच्या मुलाला पाचवीचाच धडा दाखवतो, फक्त चित्रांसह. ज्याला शब्द वाचता येत नाही त्याच्यासमोर पुस्तक ठेवलं काय आणि स्क्रीन ठेवला काय. या मुद्द्याला बाहेरचा आधारही आहे. केनियाच्या ग्रामीण शाळांत पाठ्यपुस्तकं मोफत पुरवून पाहिली तेव्हा सरासरी गुण वाढले नाहीत, फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना, कारण मागच्यांना ती पुस्तकं वाचताच येत नव्हती. वह्या-दप्तरं वाटणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा निष्कर्ष समोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं. देणगी निरुपयोगी असते असं नव्हे, पण ती पोहोचते कुणापर्यंत हे पाहावं लागतं.

दुसरा पर्याय नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी विद्यालयाच्या, तयारीचा. प्रत्येक शाळेतली चुणचुणीत दोन-चार मुलं निवडायची, सहावीच्या प्रवेशपरीक्षेसाठी त्यांचा वर्ग घ्यायचा. एक मूल लागलं तरी त्या घराचं आयुष्य पालटतं, हा युक्तिवाद खरा आहे आणि तो मांडणारे विश्वस्त स्वतः अशाच संधीतून वर आलेले होते. पण चाचणीत दिसलेला प्रश्न उरलेल्या मुलांचा होता. हा पर्याय बाजूला ठेवणं योग्यच होतं, पण तो फार चटकन बाजूला पडला असं मला आजही वाटतं. त्या चुणचुणीत मुलांचं पुढे काय, याचं उत्तर कुणी दिलं नाही.

तिसरा, साखरशाळा. कारखान्याच्या परिसरात मुलांसाठी तात्पुरती शाळा चालवायची. महाराष्ट्रात याचा अनुभव जुना आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर धोरणाचा कल मुलांना जवळच्या नियमित शाळेत बसवण्याकडे गेला. अडचण अंतराची होती. या पाच गावांतल्या टोळ्या अनेक कारखान्यांना विखुरलेल्या, कर्नाटकात गेलेल्यांना जवळची शाळा कन्नड. एवढ्या ठिकाणी पुरं पडणं छोट्या न्यासाच्या आवाक्याबाहेरचं होतं.

चौथा पर्याय मूल गावातच ठेवण्याचा. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे किंवा शाळेत राहतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळतं, दुपारी शालेय पोषण आहार असतोच. योजना चांगली आहे. पण मंजुरी आणि निधी टोळी निघायच्या आत हाती आला नाही तर आई-बाप थांबत नाहीत, ट्रक थांबत नाही.

पाचवा पर्याय गुरुजींचा: इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करायचे आणि रोज ठरावीक वेळ फक्त वाचन आणि मूलभूत गणित घ्यायचं. या पद्धतीचा इतिहास महाराष्ट्रातलाच. 'प्रथम' या संस्थेचं काम १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालं. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या पालिका शाळांत वस्तीतल्याच तरुण मुली, ज्यांना बालसखी म्हणत, मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज साधारण दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसत. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी या प्रयोगाचं काटेकोर मूल्यमापन केलं. मुलांचे गुण वाढलेले दिसले, आणि सर्वांत जास्त वाढले ते तळाच्या मुलांचे.

बैठकीत एकाने विचारलं, "हे सिद्धच आहे, तर शिक्षकांना दोन दिवस प्रशिक्षण देऊन साहित्य वाटून टाकू. आपलं काम तिथं संपलं." सोपा वाटणारा हाच रस्ता आधी फसलेला आहे, हे तेव्हा गुरुजींनी लक्षात आणून दिलं. बिहार आणि उत्तराखंडात शिक्षकांना केवळ प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तेव्हा फारसा परिणाम दिसला नाही, शिक्षक पुन्हा नेहमीच्या पाठ्यक्रमाकडेच वळले. बिहारमध्ये त्याच शिक्षकांनी उन्हाळी शिबिरं घेतली तेव्हा मुलं पुढे गेली. हरियाणात २०१२-१३ मध्ये वेळापत्रकात त्यासाठी स्वतंत्र तास राखला आणि वरिष्ठांनी शाळेत येऊन पाहणी केली, तेव्हा फरक पडला. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये दहा-वीस दिवसांच्या सलग शिबिरांच्या फेऱ्या घेतल्या गेल्या, तिथला फरक ठळक होता. थोडक्यात, शिक्षकाला पद्धत माहीत असून भागत नाही, तिच्यासाठी वेळ मोकळा करून मिळावा लागतो.

पहिला निर्णय: शिकवायचं कोणी आणि कधी

न्यासाने पाचवा पर्याय घेतला, चौथ्याची जोड देऊन. प्रत्येक गावात बारावी झालेली एक तरुणी मानधनावर नेमली, मुलं तिला ताई म्हणत. दोघी तांड्यावरच्या होत्या, त्यांना गोरमाटी येत होती. ती निवड खरं तर सोयीतून झाली, पण पुढे फार मोलाची ठरली.

वेळेवरून घोळ झाला. शाळेनंतर वर्ग घ्यावा असं मुख्याध्यापक म्हणत, म्हणजे त्यांच्या तासिका शाबूत राहतील. पण शाळा सुटल्यावर मुली पाण्याला, शेळ्यांमागे जातात, आणि नेमकी तीच मुलं गळतात ज्यांच्यासाठी वर्ग आहे. शेवटी खिचडी झाल्यानंतरचा सलग वेळ मिळाला, कारण तेव्हा सगळी मुलं हमखास शाळेत असतात. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेतली. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं होतं, पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान हा विषय वरून आलेला होताच, त्यामुळे दार लवकर उघडलं.

एका शाळेतल्या शिक्षकांचा आक्षेप मात्र खरा होता. "माझा वर्ग तुम्ही गटांत वाटला, मुलं शिकली तर श्रेय ताईचं. पाठ राहिले तर विचारणा मला." न्यासातर्फे या सगळ्या गावांतलं काम जुळवणाऱ्या समन्वयक ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी त्या शिक्षकांनाच सर्वांत खालचा, अक्षरांचा गट घ्यायची विनंती केली, आणि दर पंधरवड्याला मुलांची पातळी नोंदवायचा तक्ता त्यांच्या हातात दिला. चाचणी त्यांची, नोंद त्यांची, सही त्यांची. मला वाटतं हा या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, आणि तो कुठल्याही ठरावात नाही. शिक्षकाला बाजूला ठेवून शाळेत काही टिकत नाही. त्या सरांनी दिवाळीच्या आत आपल्या गटातल्या बहुतेक मुलांना शब्दांच्या गटात पाठवलं, आणि केंद्राच्या परिषदेत ते स्वतः याबद्दल बोलले.

वर्गात काय चाले? जमिनीवर बाराखडीचा तक्ता, भोवती मुलं. आधी ताई एक छोटा उतारा बोट फिरवत वाचे, मग मुलं एकेक करून. शब्दकार्डं. मुलाने स्वतः सांगितलेलं वाक्य ताई लिहून घेई आणि ते त्यालाच वाचायला देई. गणितात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. हातच्याची वजाबाकी कुणाला उमगेना, तेव्हा एका ताईने गणित बदललं: बाबांनी मुकादमाकडून एवढी उचल घेतली, एवढी फिटली, बाकी किती? गठ्ठा सोडून दहा काड्या मोकळ्या करणं म्हणजे काय, हे मुलांना लगेच कळलं. चौथीतला एक मुलगा म्हणाला की त्यांच्या घरी बाकी कधी शून्य होत नाही. त्याने ते गणिताचं उदाहरण म्हणून सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही.

पहिला हंगाम

ऑगस्ट-सप्टेंबरात मुलं झपाट्याने पुढे गेली. अक्षरांचा गट आटला, उताऱ्याचा फुगला. न्यासात उत्साह होता.

दसरा झाला. आठवड्याभरात ट्रक आणि ट्रॅक्टर लागले, आणि वर्ग अर्धे रिकामे झाले. हंगामी वसतिगृहाची मंजुरी दोन गावांत वेळेवर मिळाली, बाकी ठिकाणी न्यासाने जेवणाचा खर्च उचलायची तयारी ठेवली होती. तरी मुलं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गेली. मागे राहिलेल्यांची यादी समन्वयक ताईंनी समोर ठेवली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली: मागे राहिले होते ते बहुतेक मुलगे होते.

कारण विचारायला गुरुजी आणि समन्वयक ताई कारखान्याच्या गाडी सेंटरवर, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामाच्या जागी, जाऊन आले. उत्तर आयांनी दिलं. दहा-अकरा वर्षांची पोर म्हाताऱ्या सासूच्या भरवशावर सहा महिने कशी ठेवायची? रात्री काही झालं तर? आणि दुसरं, पहाटे अंधारात आम्ही फडात जातो, तान्ह्याला कोपीवर, झोपडीत, कोण बघणार? पहिल्या प्रश्नात भीती होती, दुसऱ्यात गरज. जेवणाच्या सोयीने यातलं एकही सुटत नव्हतं.

मार्चच्या शेवटी मुलं परतली तेव्हा पुन्हा चाचणी झाली. गावात राहिलेली मुलं पुढे सरकली होती. टोळीबरोबर गेलेल्यांपैकी जी दसऱ्याला उताऱ्यापर्यंत पोहोचली होती ती बरीचशी तिथेच टिकून होती, पण जी शब्दांवर होती ती बहुतेक पुन्हा अक्षरांवर घसरली होती. या नोंदीतून समन्वयक ताईंनी काढलेला अर्थ पुढच्या कामाला दिशा देणारा ठरला: सलग उतारा वाचता येण्याच्या टप्प्याच्या पलीकडे गेलेलं मूल सहा महिन्यांनी परत येऊनही वाचतं. त्या टप्प्याच्या अलीकडे सोडलेलं मूल सगळं विसरून येतं. म्हणजे दसऱ्याच्या आत त्याला तिथपर्यंत नेणं हेच खरं काम.

दुसरा निर्णय: वेळापत्रक टोळीचं

जून ते दसरा एवढा वेळ पुरत नव्हता. मग आणखी वेळ आणायचा कुठून? समन्वयक ताईंनी सुचवलं, मे महिना. टोळ्या घरी असतात, आई-बाप घरी असतात, सगळी मुलं एकाच जागी सापडतात. वर्षात असा महिना दुसरा नाही. पण नेमका तेव्हा शाळा बंद, शिक्षक सुट्टीवर, संस्थांचेही कार्यक्रम थांबलेले.

विरोध झाला. ऊन, पाणीटंचाई, लग्नसराई. आणि एका विश्वस्तांचा मुद्दा असा की मुलांना वर्षातून एक महिना आई-बापांजवळ निवांत मिळतो, तोही आपण घ्यायचा का? हा मुद्दा हलका नव्हता. तोडगा निघाला तो वेळेतून: सकाळी सात ते नऊ, शाळेत नाही तर तांड्यावर, समाजमंदिराच्या सावलीत. आई-बाप समोर बसू शकतील, मूल नऊनंतर मोकळं. लग्नाच्या दिवशी सुट्टी, हे ताईंनी आधीच कबूल करून टाकलं.

शिबिर सुरू झालं तेव्हा पहिले दोन-तीन दिवस आया लांबून पाहत. मग जवळ येऊन बसायला लागल्या. आपली पोर एकटी वाचते, अडते, पुन्हा वाचते, हे त्यांनी प्रथमच पाहिलं. शाळेच्या पालकसभेत कधी न आलेल्या बायका इथे रोज दिसत. निकालही दिसले. उन्हाळ्याच्या शिबिरात आलेली मुलं जूनमध्ये मागे पडून सुरुवात करत नव्हती, आणि त्यातली बरीच श्रावण संपेपर्यंत उतारा ओलांडून गेली. मेची शिबिरं हा न्यासाच्या कामाचा कणा झाला.

मुलींच्या प्रश्नावरही याच शिबिरांतून वाट सापडली. उचल पावसाळ्यात घेतली जाते, आणि एकदा उचल घेतली की कोण जाणार, कोण राहणार हे घरात ठरून जातं. दसऱ्याच्या तोंडावर विनवणी करून उपयोग नसतो. म्हणून दुसऱ्या वर्षी बोलणं मे-जूनमध्येच सुरू केलं. गावातल्या एका विश्वासातल्या विधवा काकूंना मुलींबरोबर शाळेत रात्री झोपायला नेमलं, त्यांचं मानधन न्यासाने दिलं. हे दोन गावांत जमलं. काही घरांनी मोठ्या मुलीला ठेवलं आणि आजीला सोबत नेलं, तान्ह्याला सांभाळायला. उरलेल्या गावांत अशी काकू मिळाली नाही आणि मुली जातच राहिल्या.

काय साधलं, काय नाही

तिसऱ्या वर्षाअखेर पाचवीतून बाहेर पडणाऱ्या मुलांत निदान उतारा वाचणारी मुलं बहुसंख्य होती. सुरुवातीला चित्र उलट होतं. वहीवाली ती मुलगी तोवर सातवीत गेली होती, मेच्या शिबिरात ती लहान मुलांना वाचून दाखवायला यायची.

हे सगळं न्यासामुळे झालं असं म्हणता येणार नाही. तुलनेसाठी दुसऱ्या शाळांची चाचणी घेतलेली नव्हती. त्याच काळात निपुण भारतमुळे शाळांवर पायाभूत वाचनाचा जोर होता, कोविडनंतरची भरपाईही आपोआप काही प्रमाणात होत होती. 'असर'मधला ग्रामीण भारताचा पाचवीच्या वाचनाचा तोच आकडा २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरला. मेच्या शिबिरांचा परिणाम मला खरा वाटतो, कारण आलेल्या आणि न आलेल्या मुलांतला फरक त्याच गावांत दिसत होता. पण येणारी मुलं आधीच थोडी उत्साही घरांतली असतील, ही शक्यता उरतेच.

गणित मागे राहिलं. ताईंना स्वतःला भागाकार शिकवण्याचा आत्मविश्वास नव्हता आणि वेळ वाचनात जाई. टॅबचे देणगीदार नाराज होऊन निघून गेले, त्यामुळे दुसऱ्या वर्षी पैशांची ओढाताण झाली. पाचपैकी तीन ताई लग्न होऊन गावाबाहेर गेल्या. त्यांच्या जागी नव्या आल्या, पण तांड्यावरच्या एका शाळेत गोरमाटी न येणारी ताई आली आणि पहिली-दुसरीतून आलेल्या लहान मुलांशी तिचं नातं जुळायला अख्खा पावसाळा गेला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, मुलींचा विचार पहिल्या आराखड्यातच हवा होता. कोण जाणार आणि का जाणार हे जूनमध्ये घरोघर विचारलं असतं तर पहिला हंगाम वाया गेला नसता. न्यासाने मुलांची चाचणी घेतली, घरांचा हिशेब समजून घेतला नाही.

दुसरं, तिसरीपासून सुरुवात करणं उशिराचं होतं. पहिली-दुसरीतल्या मुलाला मागे ठेवणं कुठल्याच घराला जमत नाही, ते टोळीबरोबर जाणारच. पण मे ते दसरा या काळात त्याच्यावर मेहनत घेतली तर पुढचं भरून काढण्याचं काम हलकं होतं. तांड्यावर हे काम गोरमाटीतून सुरू व्हायला हवं, आधी बोलणं, गाणी, गोष्टी, मग त्याच गोष्टींतले मराठी शब्द. त्यासाठी भाषा येणारी ताई ही अट हवी, योगायोग नको.

तिसरं, गेलेल्या मुलांचा पाठपुरावा. स्थलांतरित मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यायची तरतूद आहे. त्यावरून कारखान्याजवळच्या शाळेने त्याला वर्गात बसवून घ्यायचं असतं. पत्रकं भरली गेली, पण पलीकडच्या शाळेला कुणी फोन केला नाही. मूल बसलं की नाही, हे विचारणारा माणूस दोन्हीकडे नव्हता. गावातल्या ताईने हंगामात आठवड्याला काही फोन करायचे, कोपीवर आईच्या मोबाइलवर आणि तिथल्या शाळेत, हे काम कमी खर्चाचं आहे आणि ते पहिल्या वर्षापासून होऊ शकलं असतं. गणितासाठी शाळेतल्या शिक्षकांनाच पुढे करायला हवं होतं, त्यांना ते येतं.

तुलनेची सोयही करायला हवी होती. शेजारच्या दोन-तीन शाळांत वर्षातून एकदा चाचणी घेतली असती तर आज न्यासाला नव्या देणगीदारासमोर ठामपणे बोलता आलं असतं.

सध्या न्यासापुढे प्रश्न आहे तो शिबिरं कुणाच्या ताब्यात द्यायची याचा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के सदस्य पालक असतात. मेमध्ये ते सगळे गावात असतात, दसऱ्यानंतर त्यातले निम्मे फडात. एका गावाच्या समितीने ताईचं मेमधलं मानधन लोकवर्गणीतून द्यायची तयारी दाखवली आहे, अट एवढीच की ताई त्यांनी निवडायची. न्यासात यावर दोन मतं आहेत. समन्वयक ताईंचं म्हणणं की अट मान्य करावी आणि चाचणीचा तक्ता मात्र न्यासाने दरवर्षी तपासावा. पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे, उचलीचे व्यवहार सुरू होण्याआधी.